सासरचे कुलदैवत

लग्न होऊन घरात आलेल्या सुनेला पहिल्या काही दिवसांतच कुलदैवताच्या दर्शनाला नेण्याची आपल्याकडे चाल आहे. माहेरचे दैवत वेगळे असते, सासरचे वेगळे असते. तरी ओटी घेऊन ती त्या नव्या दैवतापुढे उभी राहते आणि त्या दिवसापासून घराच्या सुखदुःखात तिचा वाटा धरला जातो. ख्रिस्ती कुटुंबांत हेच गावच्या फेस्ताच्या दिवशी घडते. नव्या सुनेला मध्ये घेऊन सारे घर आपल्या देवळातील संताच्या सणाला जाते आणि शेजारीपाजारी तिला त्या घरची म्हणून ओळखू लागतात.

जगाच्या पाठीवर असे काही देश आहेत की तेथे घरोघर आणखी एक दैवत मानले जाते. ते दैवत म्हणजे फुटबॉल. अशा देशातील माणसाशी लग्न करणाऱ्या परक्या वधूला अथवा वराला ते टाळून त्या घरात नांदणे कठीण असते. आज आपली मुले-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी दूरदूरच्या देशांत जातात व पुष्कळदा तेथेच संसार मांडतात. त्यामुळे हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक घरांत उभा राहतो. जोडीदाराच्या देशाचे वेड कितपत आपलेसे करावे? तोंडदेखले कौतुक करून बाजूला बसावे, की मनापासून त्यात उतरावे? आणि उतरलेच, तर त्यात आपले म्हणून काही उरते की नाही?

विचारासाठी ब्राझीलचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. विश्वचषक स्पर्धेत ब्राझीलचा सामना असला की त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांच्या कामाचे तास सामन्याच्या वेळेवरून ठरतात. बँकाही आपल्या वेळा बदलतात. स्पर्धेच्या आधी गल्लीतील माणसे एकत्र येऊन रस्ता हिरव्या-पिवळ्या रंगांनी रंगवितात आणि या घरापासून त्या घरापर्यंत पताका ओढतात. सामना सुरू झाला की गजबजलेले रस्ते ओस पडतात. गोल झाला की खिडक्याखिडक्यांतून एकच आरोळी उठते आणि फटाके उडू लागतात.

समजा, अशा एखाद्या घरात परदेशी तरुणी सून म्हणून आली. आजीपासून शेंडेफळापर्यंत सारे पिवळे सदरे घालून एका खोलीत जमले आहेत. एरवी तिच्या प्रत्येक शब्दाला उत्तर देणारा नवरा आज तिच्याकडे पाहतही नाही. बावीस माणसे एका चेंडूमागे धावतात, यात एवढे काय आहे, असा प्रश्न तिच्या मनात येतो. प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र तो त्या खोलीत मोठ्याने विचारणे शहाणपणाचे नव्हे.

बहुधा अशी सून प्रथम नियम शिकू लागते. ऑफसाइड कशाला म्हणतात, पेनल्टी केव्हा मिळते, पिवळे कार्ड कधी आणि लाल कधी, हे ती नवऱ्याला विचारून घेते. फुटबॉलचे नियम अवघे सतरा आहेत. एका दुपारी ते शिकून होतात. शिवाय तिला धीर देणारी एक गोष्ट इतिहासात आहे. हा खेळ मुळात ब्राझीलचा नव्हेच. साव पावलो शहरात जन्मलेला चार्ल्स मिलर नावाचा तरुण इंग्लंडमधील शिक्षण संपवून १८९४ साली परत आला, तेव्हा त्याच्या सामानात दोन चेंडू होते. त्याचा बाप स्कॉटलंडचा, आई ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रज घराण्यातली. म्हणजे ज्या दैवतापुढे नवी सून उभी आहे, ते दैवतही बाहेरूनच आले, आणि तेही दोन देशांच्या एका घरातील मुलाच्या पेटीतून. या मिलरची पत्नी आंतोनिएता रुज ही नामांकित पियानोवादक होती. पुढे ती त्याला सोडून एका कवीबरोबर राहू लागली. फुटबॉलच्या आद्यपुरुषाचा संसार फुटबॉलने तारला नाही, एवढे यावरून दिसते.

परंतु नियम कळले म्हणजे वेड कळले असे होत नाही. घरातील माणसे त्या खोलीत एका जुन्या आठवणीसह बसलेली असतात, आणि ती आठवण विजयाची असण्यापेक्षा पराभवाची असण्याचाच संभव अधिक. ब्राझीलने १९५८, १९६२, १९७०, १९९४ आणि २००२ असा पाच वेळा विश्वचषक जिंकला. तरीही घरातील वडील माणूस जी तारीख सर्वांत आधी सांगेल, ती १६ जुलै १९५० ही असेल.

त्या वर्षी स्पर्धा ब्राझीलमध्येच भरली होती. रिओ द जानेरो येथे माराकाना नावाचे प्रचंड क्रीडांगण मुद्दाम बांधण्यात आले होते. शेवटचा सामना शेजारच्या छोट्या उरुग्वेशी होता आणि अजिंक्यपदासाठी ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. त्या दिवशी अधिकृत तिकिटेच १,७३,८५० खपली. प्रत्यक्षात माणसे त्याहून कितीतरी अधिक होती. उत्तरार्ध सुरू होताच फ्रियासाने ब्राझीलचा गोल केला. ६६व्या मिनिटाला स्कियाफिनोने बरोबरी साधली. ७९व्या मिनिटाला उरुग्वेचा घिज्जा उजव्या बाजूने धावत आला आणि गोलरक्षक बार्बोझा व जवळचा खांब यांमधल्या फटीतून त्याने चेंडू आत मारला. सारे क्रीडांगण एकाएकी निःशब्द झाले. ब्राझीलच्या अभिनंदनाचे पोर्तुगीज भाषण तयार करून आलेल्या जूल रिमे यांनी गर्दीत वाट काढून उरुग्वेच्या कर्णधाराच्या हाती चषक कसाबसा दिला. भाषण खिशातच राहिले.

दूर बाउरू नावाच्या गावात एका घरात रेडिओ लावलेला होता. घरचा कर्ता दोंदिन्यो स्वतः फुटबॉलपटू. सामना संपल्यावर तो रडू लागला. बापाला असे रडताना पाहून त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाने, रडू नका, मी तुमच्यासाठी विश्वचषक जिंकून आणीन, असे सांगितले. आठ वर्षांनी, १९५८ साली, सतराव्या वर्षी स्वीडनमधील अंतिम सामन्यात दोन गोल करून त्या मुलाने आपला शब्द खरा केला. तो मुलगा म्हणजे पेले.

एखाद्या पराभवाची अशी आठवण पिढ्यान्‌पिढ्या का जपली जाते, हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. १७६१च्या जानेवारीतील एका दिवसाने आपल्या भाषेला 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार दिला. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या जुन्या घरांत तो दिवस अजून घरातल्या गोष्टीसारखा सांगितला जातो. रणांगणावरील संहाराशी खेळातल्या हारीची तुलना कोणी करू नये. तथापि मन ज्या रीतीने जखम सांभाळते ती रीत दोन्हीकडे एकच आहे. ब्राझीलच्या लोकांनी त्या दिवसाला 'माराकानासो' असे नावच दिले आहे. नव्या सुनेने नियमांच्या आधी हे नाव समजून घेतले, तर खोलीतील शांततेचा अर्थ तिला लागू लागेल.

तिच्या अंगावर हौसेने चढविलेल्या पिवळ्या सदऱ्याचाही उगम त्याच जखमेत आहे. १९५० पर्यंत ब्राझीलचा संघ पांढरा सदरा घालीत असे. पराभवानंतर तो अपशकुनी वाटू लागला. १९५३ साली रिओच्या एका वृत्तपत्राने नव्या पोशाखासाठी स्पर्धा जाहीर केली. राष्ट्रध्वजातील चारही रंग त्यात आले पाहिजेत, अशी अट होती. आल्दीर गार्सिया श्ली नावाच्या तरुणाने पिवळा सदरा, त्याला हिरवी किनार, निळी विजार आणि पांढरे मोजे अशी योजना केली व बक्षीस मिळविले. १९५४ पासून संघ तो पोशाख वापरू लागला. मौज अशी की, हा श्ली उरुग्वेच्या सीमेवरील जाग्वाराव या गावचा. नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडे उरुग्वे. दोन्ही भाषा, दोन्ही बाजूंची माणसे त्याला आपली वाटत, आणि फुटबॉलमध्ये त्याचा ओढा उरुग्वेकडे होता! बेळगाव भागातील ज्या श्रोत्यांच्या घरात दोन भाषा नांदतात, त्यांना यात नवल वाटणार नाही. श्ली २०१८च्या १५ नोव्हेंबरला वारला. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये ब्राझील आणि उरुग्वे यांचा सामना होता. ज्या पोशाखावर सारा देश जीव टाकतो, तो दोन देशांवर प्रेम करणाऱ्या माणसाने दिलेला आहे. परक्या सुनेला यापेक्षा मोठा आधार कोणता हवा? एक प्रेम आले म्हणून दुसरे बाहेर घालविलेच पाहिजे, असे नाही.

घरातील या वेडाला विनोदाची बाजूही आहे. मागच्या विजयाच्या वेळी काका ज्या खुर्चीत बसले होते, त्याच खुर्चीत त्यांनी या वेळीही बसायचे. आजोबांचा सदरा स्पर्धा संपेपर्यंत धुवायचा नाही. अशा समजुतींना तेथे अंत नाही. ज्याच्या पायगुणाने आपला संघ हरतो, त्याला ते 'पे-फ्रियू' म्हणतात, म्हणजे थंड पायाचा. ज्याच्या येण्याने जय मिळतो तो 'पे-केन्ते', म्हणजे ऊन पायाचा. नवी सून घरात आल्यावर पहिल्याच सामन्यात संघ हरला, तर सर्वांच्या नजरा तिच्या पायांकडे वळल्यावाचून राहत नाहीत. दीर-नणंदा तिची थट्टा करतात, आणि पुढच्या सामन्याला तिला स्वयंपाकघरात बसविण्याचा बेत ठरतो. थट्टा समजून तीही हसली, तर ती त्या घरात निम्मी रुजली म्हणायची.

मात्र हा शब्द ऐकून आपल्याला हसण्याबरोबर थोडे थांबलेही पाहिजे. आपल्या भाषेत 'पांढऱ्या पायाची' हा शब्द आहे आणि त्याने किती सुनांचे आयुष्य करपले, याची आठवण अनेक घरांना आहे. थंड पाय काय आणि पांढरा पाय काय, दुःखाचा भार एका दुबळ्या माणसाच्या माथी मारण्याची ती युक्ती आहे. ब्राझीलमध्ये तो भार गोलरक्षक मोआसिर बार्बोझाच्या माथी आला. तो वास्को द गामा या क्लबचा नामांकित खेळाडू, आणि वर्णाने काळा. १९५०च्या पराभवानंतर दोष मुख्यतः त्याच्यावर आणि आणखी दोन काळ्या खेळाडूंवर ठेवण्यात आला. अनेक वर्षांनी एका दुकानात एका बाईने त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या लहान मुलाला सांगितले की, साऱ्या ब्राझीलला रडविणारा माणूस तो हाच. १९९३ साली तो राष्ट्रीय संघाच्या छावणीत खेळाडूंना भेटावयास गेला असता अपशकुन नको म्हणून त्याला आत येऊ दिले नाही. आपल्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, आपण मात्र पन्नास वर्षे भोगीत आहोत, अशा आशयाचे उद्गार त्याने अखेरच्या काळात काढले होते. ७ एप्रिल २००० रोजी तो वारला.

त्याची पत्नी क्लोतिल्दे त्याच्या काही वर्षे आधी वारली. देशाच्या वेडातला सर्वांत कठीण वाटा तिच्याकडे आला होता. जोडीदाराच्या देशाचा विजय साजरा करणे सोपे असते. परंतु देशाने ज्याच्यावर रोष धरला, त्याच्याबरोबर आयुष्यभर एका घरात राहणे, रस्त्यात कोणी बोट दाखविले तर त्याच्या बाजूने उभे असणे, ही गोष्ट वेगळी. अशा निष्ठेला मैदानावर टाळ्या पडत नाहीत.

आता त्या पाठीराख्यांच्या जगाकडे वळू. फुटबॉलच्या पाठीराख्याला ब्राझीलमध्ये 'तोर्सेदोर' म्हणतात आणि त्यांच्या समुदायाला 'तोर्सीदा'. 'तोर्सेर' या पोर्तुगीज क्रियापदाचा अर्थ पिळणे. विसाव्या शतकाच्या आरंभी रिओतील प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रिया सामने पाहावयास नटूनथटून येत. उकाड्याने आणि काळजीने त्या हातातले रुमाल नि हातमोजे पिळीत बसत. त्यावरून हा शब्द पडला, असे सांगतात. ही व्युत्पत्ती ज्या देशाने आवडीने जपली, त्या देशाच्या मनात पाठीराख्याचे पहिले चित्र एका स्त्रीच्या हातांचे आहे. नव्या सुनेने ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. नवऱ्याचे वेड घ्यावयाला आपण आलो, असे तिला वाटत असते. त्या वेडाचे नावच बाईच्या पिळलेल्या रुमालावरून आलेले आहे.

पुढेही स्त्रियांचा हात त्यात होता. १९४२ साली फ्लामेंगो क्लबचा जायमे द कार्व्हाल्यो हा पाठीराखा वाद्ये घेऊन सामन्याला गेला आणि त्याने एक वाजंत्री पथकच उभे केले. ते इतके बेसूर वाजे की, गायक-रचनाकार व रेडिओवरील समालोचक आरी बारोझो याने त्याला 'शारांगा' म्हटले, आणि तेच नाव कायम झाले. हा बारोझोही काही कमी नव्हता. आपल्या फ्लामेंगोचा गोल झाला की तो समालोचन थांबवून तोंडाने वाजवायचा बाजा वाजवी. पथकाचे फलक आणि निशाणे शिवण्याचे काम कार्व्हाल्योची पत्नी लाउरा करी. १९५६ पासून वास्को द गामा क्लबच्या पाठीराख्यांचे नेतृत्व दुल्से रोझालिना या स्त्रीने केले. हजारो पुरुषांच्या घोषणांचा ताल तिच्या इशाऱ्यावर चाले.

इतके असूनही खेळण्याचा हक्क मात्र स्त्रियांना नव्हता. १४ एप्रिल १९४१च्या सरकारी हुकुमाने स्त्रीच्या प्रकृतीला न शोभणारे खेळ तिला मना करण्यात आले, आणि १९६५ साली त्या यादीत फुटबॉलचे नाव स्पष्टपणे घालण्यात आले. ही बंदी १९७९ साली उठली. म्हणजे ज्या काळात लाउरा निशाणे शिवीत होती आणि दुल्से घोषणा देत होती, त्या काळात त्यांच्या मुलींनी मैदानावर चेंडूला पाय लावणे कायद्याच्या विरुद्ध होते. बंदी उठल्यानंतर सात वर्षांनी, १९८६ साली, आलागोआस प्रांतातील एका गरीब घरात मार्ता नावाची मुलगी जन्मली. विश्वचषकांत तिने एकूण १७ गोल केले. २०२३च्या स्पर्धेअखेरपर्यंत स्त्री किंवा पुरुष कोणाही खेळाडूला तो आकडा गाठता आलेला नव्हता. २०२७ची महिला विश्वचषक स्पर्धा ब्राझीललाच देण्यात आली आहे.

या वेडाची एक काळी बाजू सांगितल्याखेरीज विषय पुरा होणार नाही. ब्राझीलमधील सार्वजनिक सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी पाच मोठ्या शहरांतील पोलीस नोंदी तपासून २०२२ साली अहवाल प्रसिद्ध केला. शहरातील संघाचा सामना असलेल्या दिवशी स्त्रियांना धमकाविल्याच्या तक्रारी २३.७ टक्क्यांनी आणि मारहाणीच्या तक्रारी २०.८ टक्क्यांनी वाढलेल्या त्यात आढळल्या. हा दोष एका देशाचा नाही. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात २००२, २००६ आणि २०१० या विश्वचषकांच्या काळातील नोंदी तपासल्या गेल्या. इंग्लंडचा संघ जिंकला किंवा बरोबरीत राहिला त्या दिवशी घरगुती अत्याचाराच्या तक्रारी २६ टक्क्यांनी वाढल्या होत्या. हरला त्या दिवशी ३८ टक्क्यांनी. मैदानावरची हार घरात येऊन बायकोच्या अंगावर उतरते, हा त्याचा अर्थ. हे दोष खेळाचे नव्हेत, दारूचे आणि स्वभावाचे आहेत, असा बचाव केला जातो. तो खरा मानला, तरी खेळाचा दिवस त्यांना निमित्त देतो, हे आकडे सांगतात.

म्हणून जोडीदाराचे वेड स्वीकारणे म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. दैवत मान्य केले म्हणून त्याच्या नावावर चाललेला प्रत्येक अन्याय मान्य करण्याचे बंधन सुनेवर येत नाही. बार्बोझाला काळा म्हणून हिणविले गेले, मुलींना मैदानातून हाकलले गेले, घरात हात उगारला गेला. या गोष्टी चुकीच्या आहेत, असे म्हणण्याचा हक्क तिला इतर कोणाहून कमी नाही. उलट ती बाहेरून आली असल्यामुळे, घरच्यांना सवयीने दिसेनासे झालेले तिला दिसते. पिवळ्या सदऱ्याचेच पाहा. २०१८ आणि २०२२च्या निवडणुकांत एका उमेदवाराच्या अनुयायांनी तो आपली खूण म्हणून मिरविला. त्यामुळे अनेक घरांतील माणसांनी तो कपाटात घडी करून ठेवला. काका घालतात आणि पुतण्या घालीत नाही, अशा घरात दोघांनाही एकत्र बसवून सामना दाखविणे, हे काम कधीकधी परकी सूनच करू शकते. कारण जुन्या भांडणात तिचा पक्ष नसतो.

दुःख वाटून घेणे हा या नात्याचा गाभा आहे, आणि त्याचे सर्वांत चांगले धडे प्रतिपक्षाकडूनच मिळालेले आहेत. १९५०च्या त्या रात्री उरुग्वेचा विजयी कर्णधार ऑब्दुलिओ वारेला आपल्या संघाच्या मेजवानीत रमला नाही. तो रिओच्या मद्यगृहांत गेला, आणि रडणाऱ्या ब्राझिली माणसांच्या शेजारी बसून त्याने रात्र काढली. त्यांची अवस्था पाहून आपल्यालाच वाईट वाटले, असे त्याने पुढे सांगितले आहे. ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोंते येथे जर्मनीने ब्राझीलचा ७-१ असा पराभव केला. त्या दिवशी छातीशी विश्वचषकाची प्रतिकृती कवटाळून बसलेल्या क्लोविस फर्नांदिस या मिशाळ वृद्ध पाठीराख्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. त्यानंतरची गोष्ट अधिक मोलाची आहे. त्याने ती प्रतिकृती उठून एका जर्मन तरुणीच्या हाती दिली आणि अंतिम सामन्याला ती घेऊन जा, असे सांगितले. पुढल्याच वर्षी तो वारला. ज्याला आपल्या संघावर असे प्रेम करता येते, त्याला दुसऱ्याच्या प्रेमाचाही मान राखता येतो.

असा मान घरात दोन्ही बाजूंनी राखला गेला पाहिजे. सून पिवळा सदरा घालून सामन्याला बसते; मग तिच्या माहेरच्या सणाला, तिच्या भाषेतील गाण्याला, तिच्या देशाच्या क्रिकेटच्या सामन्याला नवऱ्यानेही तितक्याच मनाने बसावयास हवे. पाच दिवस चालून अनिर्णित राहणारा सामना पाहताना त्याच्या मनात जो प्रश्न येईल, तो बावीस माणसांच्या प्रश्नाचाच भाऊ असेल.

आपल्या मुलखातही याचा अनुभव घेता येतो. गोव्यात १८८३ साली विल्यम लायन्स या धर्मगुरूंनी शिवोली येथे मुलांना फुटबॉलची ओळख करून दिली आणि गावोगावच्या मैदानांवर तो खेळ रुजला. विश्वचषकाच्या दिवसांत तेथील घरांवर ब्राझीलचे आणि पोर्तुगालचे झेंडे लागतात. क्रिकेटच्या घरात वाढलेली एखादी मराठी मुलगी साष्टीतल्या घरात सून म्हणून गेली, तर रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या सासऱ्याला चहा करून देता देता तीही एक दिवस कोणत्या संघाला किती गुण हवेत याचा हिशेब मांडू लागते. हे जावयांच्याही बाबतीत तितकेच खरे आहे. बायकोच्या भावांबरोबर मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडल्याखेरीज तो त्या घरचा होत नाही.

हे आपलेपण कसे येते, याचे एक उदाहरण साव पावलोतच आहे. सिल्व्हिया ग्रेको या बाईने दत्तक घेतलेला मुलगा अंध आहे. पाल्मेइरास हा त्याचा आवडता संघ. ती त्याला क्रीडांगणात घेऊन जाते आणि शेजारी बसून साऱ्या सामन्याचे वर्णन त्याच्या कानात करते. चेंडू कोणाकडे आहे, खेळाडूच्या पायांत कोणत्या रंगाचे बूट आहेत, प्रेक्षक का उठले, हे ती क्षणाक्षणाला सांगते. गोल झाला की दोघे एकदम उडी मारतात. २०१९ साली जागतिक फुटबॉल संघटनेने तिला मिलान येथे सर्वोत्कृष्ट पाठीराख्याचा पुरस्कार दिला. तिचे नाते आईचे आहे, पत्नीचे नव्हे. तरी दुसऱ्याच्या आनंदात शिरण्याची वाट तिने जशी शोधली, तशीच ती प्रत्येक संसारात शोधता येईल. आपल्याला दिसते ते त्याला सांगावे, त्याला कळते ते त्याच्याकडून ऐकावे.

परक्या घरात आलेल्या जोडीदाराकडून याहून अधिक मागणे योग्य होणार नाही. त्याने घरची जुनी जखम जाणून घ्यावी, हार झाली तर खोलीतून उठून जाऊ नये, आणि घर चुकत असेल तर तसे स्पष्ट सांगावे. घराने त्याला पहिल्या रांगेत जागा द्यावी आणि त्याचा पाय थंड की ऊन हे पाहू नये. एवढे झाले तर पुढच्या सामन्यात हातातला रुमाल तो कधी पिळू लागला, हे त्याचे त्यालाही कळणार नाही.